सहा टेबलांवरची सावली

‘बसा, आधी पाणी घ्या,’ असं तहसीलदार म्हणाले, त्याच दिवशी मला शंका यायला हवी होती.

आमच्या तेरखंड तालुक्यात तहसीलदारांना रावसाहेब म्हणतात. हे रावसाहेब, उदय कडलग, माणूस वाईट नाही. पण बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला पाणी विचारल्याचं ऐकिवात नव्हतं. आणि आता तेच वाक्य त्यांच्या टेबलावरच्या पडद्यातून, त्यांच्याच खर्जातल्या आवाजात, दिवसाला साठ-सत्तर माणसं ऐकत होती. लोक खूश होते. एका आजोबांनी तर आमच्या शिपायाला, रशीदमामांना, बाजूला घेऊन विचारलं, “साहेबांनी गुरू-बिरू केला का हो?”

“सावली आहे ती, आजोबा,” रशीदमामा म्हणाले. “साहेब मीटिंगला गेलेत.”

सावलीची गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी सरकारनं सगळ्या कर्मचाऱ्यांना डिजिटल शिक्षण सक्तीचं केलं. एकदाचं नव्हे, दर शनिवारी, निवृत्तीपर्यंत. अध्ययन मंडळानं प्रत्येकाच्या नावाचा टॅब दिला. त्यावर सरावाची प्रकरणं यायची. अर्ज असा आहे, कागद असे आहेत, समोरच्याला काय म्हणाल, आता काय कराल? टॅब नुसतं उत्तर बघायचा नाही. तुम्ही आधी कोणता कागद उघडलात, नजर कुठे रेंगाळली, बोट किती वेळ अधांतरी राहिलं, सगळं टिपायचा. कारण शिकवायचं तर शिकणाऱ्याचं पुढचं पाऊल आधी ओळखता यायला हवं. चांगल्या मास्तरांना ते येतंच. पोरगं हातचा विसरणार हे त्यांना पोराच्या आधी कळतं. मंडळाच्या यंत्रालाही तेच करायला लावलं होतं. हजारो प्रकरणं झाल्यावर त्याचा अंदाज शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर यायला लागला. मग मंडळातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की माणूस काय करणार हे आधीच कळतंय, तर माणसाची वाट कशाला बघायची?

त्यांनी त्या अंदाजालाच टेबलावर बसवलं. साहेबांचा आवाज, साहेबांची सही, साहेबांचा शिक्का. साहेब तेवढे मीटिंगला. आठ महिने झाले या गोष्टीला. तुंबलेली प्रकरणं संपली, आणि आम्ही जिवंत माणसं पंचनामे, निवडणुका आणि आढावा बैठका यांना मोकळे झालो.

माझं नाव हेमलता दाभोळे. हुद्दा अव्वल कारकून. मध्यंतरी त्याचं नाव बदलून लांबलचक केलं, पण खुर्चीचा मोडका हात तोच राहिला. संगणक मी चाळिशीत, कुणी न शिकवता, चुका करकरून शिकले. त्यामुळे कचेरीत मी ‘हुशार’. आणि सरकारी कचेरीत हुशार बाईचं काय होतं, ते नोकरी केलेल्या कुणालाही विचारा.

शनिवारी रेकॉर्ड रूममध्ये, लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांच्या मधोमध, मी दहा टॅब ओळीनं मांडायचे. पंगतीला पानं मांडावीत तसे. टॅब सुरू होताना चेहरा मागायचा. नायबसाहेब, सर्कल ऑफिसर, तलाठी भाऊसाहेब एकेक करून यायचे, सूनमुख दाखवावं तसं तोंड दाखवायचे आणि चहाला जायचे. “हेमाताई, आमचं पण करून टाका बरं का.” प्रांतसाहेब रावसाहेबांचे जुने दोस्त, त्यांचा टॅब जीपमधून यायचा. नजर टिपणारं ते यंत्र, नजर कुणाची हे फक्त सुरुवातीला एकदाच विचारायचं. सरकारी ते सरकारीच.

मी नाही म्हणू शकले असते. पण शनिवारी घरी मला काही नव्हतं.

---

त्या सोमवारी मला उशीर झाला. दाराचं कुलूप अडकलं होतं, नेहमीसारखं.

“ताई, किती वर्षं त्या कुलपाशी कुस्ती खेळणार?” रशीदमामा हसले. “माझा साडू कुलपांचंच काम करतो. अर्ध्या तासात बदलून देईल.”

“चालतंय अजून,” मी म्हटलं. हेही नेहमीसारखंच.

कचेरीत लगबग होती. अध्ययन मंडळाकडून डॉ. ऋजुता पालेकर आल्या होत्या. तिशीची मुलगी, पाठीवर सॅक, पायात बूट. आमच्या तालुक्याचा राज्यात पहिला नंबर आला होता, आणि तो कसा आला ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

“आठ महिन्यांत तुमच्याकडे वरच्या टेबलानं खालच्या टेबलाचा निर्णय फिरवलाय, असं एकही प्रकरण नाही,” त्या म्हणाल्या. “अपिलातसुद्धा नाही. इतकं एकमत कुठल्याच कचेरीत नसतं, मॅडम.”

“आमचं घरच्यासारखं आहे,” मी म्हटलं.

“घरात असतं का एकमत?”

मुलगी चलाख होती. तेवढ्यात रशीदमामा एका बाईला घेऊन आत आले. सत्यभामा घुले. स्टँडमागे इस्त्रीचं दुकान आहे तिचं, आमच्या कचेरीतले निम्मे शर्ट तिच्या हातचे.

“मॅडम, नवव्यांदा आले,” तिनं पिशवी टेबलावर ठेवली. “तुमचं ते यंत्र लई ग्वाड बोलतंय. पाणी घ्या म्हनतंय, पोरगी काय शिकतीय इचारतंय, आन आर्ज माघारी देतंय. त्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.”

तिला परित्यक्तेचा दाखला हवा होता. नवरा नऊ वर्षांपूर्वी सोडून गेलेला. मुलगी अश्विनी, तिला नर्सिंगला जागा मिळाली होती. पण कॉलेज बापाच्या उत्पन्नाचा दाखला मागत होतं. आई परित्यक्ता असेल तर आईचा चालतो. शुक्रवारी संध्याकाळी पाचला प्रवेश बंद.

“त्रुटी काय काढलीय?” मी विचारलं. अर्ज परत पाठवताना कारण लिहितात, त्याला आम्ही त्रुटी म्हणतो. नाकारलं तर अपील होतं, मंजूर केलं तर अंगाशी येतं, त्रुटी काढली की काहीच होत नाही. आमच्या खात्याचं ते आवडतं हत्यार.

सत्यभामानं कागद काढला. एकच ओळ होती.

‘पती परत येणार नाहीत हे कशावरून? पुरावा जोडावा.’

“असला पुरावा कुठं मिळतो, मॅडम? किराणा दुकानात?”

रशीदमामा हसले. मला हसू आलं नाही. मी ती ओळ पुन्हा वाचली. असलं वाक्य कुठल्याही शासन निर्णयात नाही, नियमात नाही, आमच्या छापील नमुन्यात नाही. ते मी लिहिलं होतं. एका शनिवारी, रेकॉर्ड रूममध्ये, कुणाच्या तरी टॅबवर. कुणाच्या, ते आठवत नव्हतं.

“बाकीच्या वेळचे कागद आहेत?”

होते. तलाठी, सर्कल, माझं स्वतःचं टेबल, नायब तहसीलदार, रावसाहेब, आणि अपिलात प्रांत. एकेका टेबलावरनं अर्ज दोन-दोनदाही फिरला होता. सगळ्या कागदांवर तीच ओळ होती. शब्दाचाही फरक नव्हता.

---

दुपारी ऋजुतांनी त्यांच्या पडद्यावर एक आलेख उघडला. त्या मला दाखवत होत्या ते कौतुकानं. मी बघत होते ते भूत बघावं तसं.

“हे गंमतशीर आहे बघा. सरावातलं एकच प्रकरण, नवरा सोडून गेलेल्या बाईचं. राज्यभर माणसं यावर दोन-तीन सेकंद थांबतात आणि पुढे जातात. तुमच्याकडची दहाच्या दहा माणसं थांबतात ती अकरा सेकंद. मग पुरावा मागतात. दर वेळी. प्रांतसाहेबसुद्धा.”

अकरा सेकंद. मी काही मोजले नव्हते. टॅबनं मोजले होते.

“आत्ता अशा किती बायकांचे अर्ज फिरताहेत?” मी विचारलं.

त्यांनी बोट फिरवलं. “एकशे त्र्याहत्तर.”

एकशे त्र्याहत्तर बायकांनी माझ्यापुढे अर्ज केला, मी तो परत पाठवला, त्यांनी माझ्याविरुद्ध माझ्याकडेच अपील केलं, आणि मी मला दुजोरा दिला. गोड बोलून. पाणी विचारून.

मी दार लावलं आणि ऋजुतांना सगळं सांगितलं. दहा टॅब, पंगत, चहा, सूनमुख. त्यांच्या तोंडाचा आ झाला.

“दहाही तुम्ही? चार वर्षं?”

“दिवाळीच्या दोन सुट्ट्या सोडून.”

त्यांनी घाईघाईनं काहीतरी तपासलं आणि खुर्चीत मागे रेलल्या. “मॅडम, याहून वाईट आहे. एकसारख्या दिसणाऱ्या सावल्या यंत्र जागा वाचवायला एकात एक मिसळून टाकतं. तुमच्या टेबलांवर दहा सावल्या नाहीतच. एकच आहे. आवाज तेवढे वेगळे.”

बाहेरून प्रत्येक टेबलावरचं बोलणं ऐकू येत होतं. भाऊसाहेबांचा किनरा आवाज, नायबसाहेबांचा घोगरा, रावसाहेबांचा खर्ज. ‘बसा, आधी पाणी घ्या.’ ‘बसा, आधी पाणी घ्या.’ मी कानांवर हात ठेवले.

“मला हे कळवावं लागेल,” ऋजुता हळूच म्हणाल्या. “आणि कळवलं की त्या क्षणी सावली बंद. चौकशी होईपर्यंत तालुक्यातून एकही दाखला निघणार नाही.”

“चौकशीला किती दिवस?”

“महिने.”

“शुक्रवारी पाचनंतर कळवा,” मी म्हटलं. “तेवढं करा माझ्यासाठी. माझ्यासाठी नको, इस्त्रीवालीच्या पोरीसाठी करा.”

त्यांनी पडद्यावरचा आलेख बंद केला. “पाच वाजून पाच मिनिटांनी,” म्हणाल्या.

---

रावसाहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. “अहो, एवढंच ना? मी तहसीलदार आहे. माझी सावली चुकली तर मी फिरवतो निर्णय.”

तशी सोय होती. फक्त दुसऱ्या कुणी साहेब बनून बसू नये म्हणून यंत्र आधी तीन छोटी प्रकरणं सोडवायला देई आणि माणूस त्याच्या सावलीशी जुळतो का बघे. रावसाहेब चष्मा लावून बसले. तीन प्रकरणं सोडवली, चांगली सोडवली. पडद्यावर उमटलं:

‘जुळणी नऊ टक्के. आपण तहसीलदार कडलग नाहीत.’

“काय?” रावसाहेबांनी पुन्हा केलं. सात टक्के आलं.

रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपल्याच टेबलाकडे ते परक्या घरात शिरल्यासारखे बघत होते.

“हेमाताई,” ते शेवटी म्हणाले, “मग मी कोण?”

“तुम्ही चहाला गेला होतात, साहेब.”

लागलं त्यांना. लागायला हवंच होतं, पण मला बरं वाटलं नाही. ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. “तुम्ही बसा. तुम्हाला ओळखेल ते. माझ्या नावानं फिरवून टाका त्या बाईचं.”

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी मान हलवली. “पुन्हा तुमच्या नावावर मी? आणि फिरून काय होणार? एक टेबल सोडेल, पुढचं टेबल परत पाठवेल. पुढच्या टेबलावरही मीच आहे.”

“मग शिकवा त्याला! सावली शिकत राहते म्हणतात ना?”

ऋजुता दारात उभ्या होत्या. “सरावातून शिकवायला चाळीस तास लागतात, आणि पुढचा सराव शनिवारी,” त्या म्हणाल्या. मग अडखळल्या. “एक वाट आहे. सरावाच्या हजार उत्तरांपेक्षा, माणसानं खऱ्या आयुष्यात स्वतःसाठी घेतलेल्या एका निर्णयाला यंत्र जास्त वजन देतं. आम्हीच तसं ठेवलंय. नुसत्या परीक्षेवरून माणूस कळत नाही म्हणून. म्हणजे, या सावलीची मूळ बाई जर स्वतःच असा अर्ज घेऊन…”

त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर होती.

“त्यांचे मिस्टर सुरतेला असतात,” रावसाहेब घाईनं म्हणाले. “कापडाच्या मिलमध्ये.”

“हो,” मी म्हटलं. “सुरतेला.”

---

तेरा वर्षांपूर्वी तो सुरतेला म्हणून गेला. पहिल्या वर्षात दोन फोन आले, दुसऱ्यात एकही नाही. मी कचेरीत सांगत राहिले, मिल चालू आहे, ओव्हरटाइम असतो, दिवाळीला यायला जमत नाही. लोक विचारायचे थांबले, तरी मी सांगत राहिले. शनिवारी ते प्रकरण पडद्यावर आलं की माझं बोट थांबायचं. त्या बाईला शिक्का मारून मोकळं करायचं म्हणजे, उद्या तो आला तर? अकरा सेकंद मी त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याची वाट बघायचे. मग पुरावा मागायचे.

गुरुवारी संध्याकाळी मी रशीदमामांच्या साडूला बोलावलं.

शुक्रवारी साडेदहाला मी टोकन घेतलं. एकेचाळीस नंबर. सत्यभामा बाकावर बसली होती, शेजारी अश्विनी, मांडीवर फाइल. मला रांगेत बघून सत्यभामा सरकली. “मॅडम, तुम्ही हितं? तुमचा कंचा दाखला?”

“तुझाच,” मी म्हटलं. तिला वाटलं थट्टा करतेय.

दुपारी साडेतीनला माझा नंबर आला. पहिलं टेबल तलाठी भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब स्वतः जमीन मोजायला गेलेले.

“बसा, आधी पाणी घ्या,” पडदा त्यांच्या किनऱ्या आवाजात म्हणाला.

हे वाक्य मी या बाजूनं पहिल्यांदा ऐकत होते. किती छान वाटतं ते. आणि त्याच्यामागे किती पक्का दरवाजा असतो, तेही या बाजूनंच कळतं.

मी कॅमेऱ्याला तोंड दाखवलं. नाव सांगितलं. अर्जाचा प्रकार सांगितला. आवाज मोठा लागला असावा. बाकावरची कुजबुज थांबली.

“पती परत येणार नाहीत हे कशावरून?”

माझ्याकडे एकही कागद नव्हता. मी पर्समधून जुनी किल्ली काढून पडद्यापुढे ठेवली.

“ही माझ्या घराच्या कुलपाची. हिची जोडी त्याच्याकडे आहे,” मी म्हटलं. “कुलूप दहा वर्षांपूर्वीच बिघडलं. रोज अडकायचं. मी बदललं नाही. बदललं आणि तो आला, तर त्याची किल्ली लागणार नाही म्हणून. काल बदललं.”

पडदा गप्प.

मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागे कुणीतरी खोकलं. सात. आठ. अश्विनीच्या फाइलचं बटण टक् वाजलं. अकरा.

बारा.

तेरा. मला वाटलं, संपलं सगळं. मी मला ओळखत होते. मी पुरावा मागणार होते.

“पुरावा पुरेसा आहे,” पडदा म्हणाला. “पुढच्या टेबलाकडे.”

पुढचं एकही टेबल थांबलं नाही. सर्कल, मी, नायबसाहेब, रावसाहेब. पडद्यांवर हिरव्या खुणा जिन्याच्या दिव्यांसारख्या लागत गेल्या. सावली एकच होती, त्यामुळे त्रुटीत परत गेलेली आणि प्रांतांच्या टेबलावर अपिलात अडकलेली प्रकरणंही सुटायला लागली. आणि कोपऱ्यातला प्रिंटर एकदम धडधडला.

“अरे, थांबेना हा!” रशीदमामा धावले. कागद संपला, त्यांनी नवा गठ्ठा फोडला, तोही अर्धा झाला. ते एकेक नाव वाचत होते. “घुले, सत्यभामा!” सत्यभामानं दाखला हातात घेतला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि मटकन खाली बसली. अश्विनीनं तिच्या हातातनं तो ओढून घेतला आणि कॉलेजच्या दिशेनं पळत सुटली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

रावसाहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात माझं पत्र होतं, सकाळीच टेबलावर ठेवलेलं. दहा टॅबची सगळी हकिकत, खाली माझी सही.

“बाई, सगळ्यांना घेऊन बुडणार तुम्ही,” ते म्हणाले.

“उद्यापासून दर शनिवारी खरंच शिकायला बसावं लागेल, साहेब.”

ते हसले नाहीत. पण पत्र फाडलंही नाही. खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. आठ महिन्यांत त्यांनी हातानं केलेली पहिली सही. तिरकी आली.

प्रिंटरची घरघर थांबली होती. रशीदमामांच्या हातात शेवटचा कागद होता. तो ते मोठ्यानं वाचायला गेले, “दाभोळे, हे…” आणि तिथेच थांबले. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाकावरची माणसं, दारातले रावसाहेब, भिंतीशी उभ्या ऋजुता, सगळ्यांच्या नजरा त्यांच्यामागून माझ्यावर आल्या. तेरा वर्षांची सुरतेची मिल त्या एवढ्याशा शांततेत बंद पडली.

मी टेबलाची कड धरली.

रशीदमामांनी कागद दुमडला, नाव आत जाईल असा. दुसऱ्या हातानं स्टूल ओढलं. माठातून तांब्या भरला.

“बसा ताई,” म्हणाले. “आधी पाणी घ्या.”

वाक्य माझंच होतं. पण ते मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मी बसले.